भरून कोण देणार? : ‘दहावी फ’ पुन्हा बघताना

सोनाळ्यात आमच्या घराच्या ओसरीत संध्याकाळी सहाजण अभ्यासाला येतात. पाच पोरं, एक पोरगी. सगळे ‘सतरा नंबरवाले’. शहरातल्या वाचकांना हा शब्द कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगतो. १७ नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता, खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्यासाठी बोर्डाकडे भरायचा अर्ज. मुळात ही सोय फार चांगली आहे. लग्नामुळे शाळा सुटलेल्या बाया, कामाला लागलेले तरुण, चाळिशीत परत पुस्तक हातात धरणारे लोक, अशा कितीतरी जणांना तिनं दहावी पास केलंय. पण तिचा अजून एक उपयोग खेड्यापाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. एखादं पोरगं दहावीत शाळेचा निकाल खाली ओढणार असं नववीतच दिसायला लागलं, की कुणीतरी बापाला बोलावून गोड आवाजात सांगतं, ‘याला सतरा नंबरनं बसवा, बरं पडेल.’ मग जूनमध्ये शाळेच्या गेटवर ‘१०० टक्के निकालाची परंपरा’ असा फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर जे नसतात ते आमच्या ओसरीत असतात.

तर गेल्या ५ सप्टेंबरला पोट्ट्यांनी हट्ट धरला. शिक्षक दिन आहे, आज त्रिकोणमिती नको, पिक्चर लावा. मी ‘दहावी फ’ लावला. मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला, सातजण दाटीवाटीनं बसलो. मी हा सिनेमा पहिल्यांदा बघितला तेव्हा स्वतः दहावीत होतो. तालुक्यातल्या एका शाळेत ‘ड’ तुकडीत. तेव्हा मी रडलो होतो. आता हेही रडतील, किमान गप्प होतील, मग मी दोन शब्द बोलेन, असा माझा साधा हिशोब होता. सिनेमा संपला आणि त्यातला सगळ्यात कमी बोलणारा पोरगा म्हणाला, ‘‘सर, हे पोट्टे भरून काऊन देऊन राह्यले? शाळेनं त्यायले काही भरून देल्लं का?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. हा लेख त्या प्रश्नाभोवतीच फिरणार आहे.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘दहावी फ’ २००२ चा. दिग्दर्शन सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचं. एका शाळेत मार्कांप्रमाणे तुकड्या पाडलेल्या आहेत. ‘अ’ मध्ये हुशार आणि बहुतेक करून बऱ्या घरची मुलं, ‘फ’ मध्ये उरलेली. ‘अ’ आणि ‘फ’ च्या मुलांत भांडण पेटतं, अपमान होतो, आणि ‘फ’ ची पोरं प्रयोगशाळेची तोडफोड करतात. शाळा शिक्षेच्या भाषेत बोलू लागते. मध्ये उभे राहतात देशमुख सर, म्हणजे अतुल कुलकर्णी. ते मुलांना पाठीशी घालत नाहीत आणि वाऱ्यावरही सोडत नाहीत. जे तोडलं ते आपण कमावून उभं करू, असा रस्ता ते काढतात. मुलं कामं करतात, पैसे जमवतात. गोष्ट एवढीच. ती खऱ्या घटनेवरून घेतलेली आहे, आणि सिनेमाचा सूरही बातमी सांगितल्यासारखा साधा आहे.

आधी नावाकडे बघा. ‘फ’. अ, ब, क, ड, इ, फ. लहानपणापासून आपण ही रांग इतक्या वेळा म्हणतो, की ती मराठी मुळाक्षरांची नाही हे लक्षातच येत नाही. आपल्याकडे ‘अ’ नंतर ‘आ’ येतो, आणि ‘ब’ तर पार ‘फ’ च्याही मागे बसतो. ही इंग्रजी एबीसीडी आहे, देवनागरीचे कपडे घातलेली. मराठी शाळेतल्या मुलांना आपण त्यांच्याच लिपीत, पण दुसऱ्याच्या रांगेत उभं केलंय. त्यात ‘फ’ म्हणजे एफ, आणि एफ म्हटलं की पुढचा शब्द सांगायची गरजच पडत नाही. सिनेमा हे सगळं बोलून दाखवत नाही, पण या नावानं मला तरी अर्धी कथा आधीच सांगून टाकली.

‘ड’ तुकडीतला असल्यामुळे मला एक गोष्ट आतून ठाऊक आहे. खालच्या तुकडीत कुणी रोज उठून तुमचा अपमान करत नाही. तसं झालं असतं तर बरं, भांडता आलं असतं. तिथं नुसतं काही घडतच नाही. विज्ञानाचे सर ‘अ’ वर तास घेऊन थकलेले असतात. आपल्या तासाला हजेरी होते, एक धडा कुणाला तरी वाचायला लावतात, बेल होते. प्रयोगशाळेत आम्ही दोनदा गेलो. एकदा टेबलं हलवायला आणि एकदा तपासणीला साहेब येणार होते म्हणून झाडायला. कपाटाच्या काचेमागे परीक्षानळ्या होत्या, मापनपात्रं होती, बरणीत एक साप होता. कपाटाला कुलूप. दहावीच्या प्रात्यक्षिक वहीत मात्र माझ्या नावावर सगळे प्रयोग झालेले आहेत, निष्कर्षासकट.

म्हणून ‘दहावी फ’ मध्ये पोरं नेमकी प्रयोगशाळा फोडतात याला माझ्या लेखी मोठा अर्थ आहे. ऑफिस फोडता आलं असतं, ‘अ’ चा वर्ग फोडता आला असता. पण प्रयोगशाळा ही शाळेतली सगळ्यात महाग खोली असते. शाळेनं तुझ्यावर किती खर्च करायचं ठरवलंय ते ही खोली सांगते. सिनेमातल्या पोरांच्या मनात एवढं सगळं असेल असं मी म्हणत नाही. रागाला कुलूप दिसलं की तो तिकडे जातो, इतकंच.

इथून सिनेमा एका फार जुन्या वाटेला लागू शकला असता. बिघडलेली पोरं, एक भला शिक्षक, सुरुवातीला खोड्या, मग एक धक्का, मग पश्चात्ताप आणि शेवटी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. या वाटेवरचा जगातला सगळ्यात लाडका सिनेमा म्हणजे १९६७ चा ‘टू सर, विथ लव्ह’. सिडनी पॉयटिए त्यात मार्क थॅकरे नावाचा काळा तरुण आहे. ब्रिटिश गयानातून आलेला, शिकलेला इंजिनिअर, पण लंडनमध्ये त्याला इंजिनिअरची नोकरी कुणी देत नाही. म्हणून तो ईस्ट एंडमधल्या गरीब वस्तीतल्या शाळेत मास्तरकी धरतो. (दुसरं काही मिळालं नाही म्हणून शिक्षक झालेले किती जण तुम्हाला माहीत आहेत? मला माझ्या नात्यातलेच तीन.) वर्ग त्याला छळतो. एक दिवस तो पाठ्यपुस्तकं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि म्हणतो, आता आपण मोठ्या माणसांसारखं बोलू. मुलींना ‘मिस’ म्हणायचं, मला ‘सर’ म्हणायचं. मग जगणं, लग्न, कपडे, स्वयंपाक, मरण अशा सगळ्यावर वर्गात बोलणं सुरू होतं.

गंमत अशी, की हाच पॉयटिए बारा वर्षं आधी, १९५५ च्या ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ मध्ये बाकावर बसलेला बंडखोर विद्यार्थी होता. बाकापासून टेबलापर्यंतचा हा प्रवास हॉलिवूडला एका नटात दाखवता आला.

‘टू सर, विथ लव्ह’ मधला एक प्रसंग मी त्या संध्याकाळनंतर पुन्हा जाऊन बघितला. बेल नावाचा व्यायामाचा शिक्षक बकली नावाच्या जाड्या, घाबरट पोराला जबरदस्तीनं उडी मारायला लावतो. पोरगं आपटतं. त्याचा मित्र पॉटर चवताळून बेलवर धावून जातो. थॅकरे येऊन मारामारी थांबवतो. इथवर ठीक. पण नंतर वर्गात तो पॉटरला सांगतो, तू जाऊन बेलची माफी माग, बेल चुकला असं तुला वाटत असलं तरी माग. इथं वर्ग फिरतो. इतक्या दिवसांत कमावलेला विश्वास तुटतो. ज्याच्या आईचं निधन झालंय त्या वर्गमित्राच्या घरच्या पुष्पचक्रासाठी मुलं वर्गणी काढतात, तर त्यात सरांचे पैसेसुद्धा घ्यायला तयार होत नाहीत.

म्हणजे सोनाळ्यातल्या ओसरीत विचारलेला प्रश्न लंडनच्या त्या वर्गानं आधीच विचारून ठेवला होता. पॉटरनं माफी मागायची, मग बेलनं कुणाची मागायची? थॅकरेचं म्हणणं असं, की समोरच्याचं मला माहीत नाही, तू कसा वागतोस ते माझ्या हातात आहे. हे उत्तर खोटं नाही. पण ते तोकडं आहे, आणि सिनेमाला ते तोकडेपण झाकायला पुढे मुष्टियुद्धाचा सामना, अंत्ययात्रा आणि निरोपाचं गाणं असं बरंच काही लागतं. गाणं इतकं गोड आहे, की प्रेक्षक बेलला विसरून जातो. मीही विसरलो होतो.

मराठीनं शिक्षकाचं काय केलं ते इथं सांगायला हवं, नाहीतर ‘दहावी फ’ नं काय वेगळं केलं ते कळणार नाही. आपला सगळ्यात गाजलेला मास्तर ‘पिंजरा’ मधला, १९७२. व्ही. शांताराम यांचा सिनेमा, श्रीराम लागू गुरुजी. त्याचं मूळ १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन सिनेमात आहे. त्या जर्मन सिनेमात प्रोफेसर नाचगाण्याच्या अड्ड्यावर जातो कशासाठी? त्याचे विद्यार्थी तिथल्या गायिकेचे फोटो लपवून बाळगतात म्हणून, त्यांना पकडायला. गोष्टीची पहिली काडी विद्यार्थी लावतात. ‘पिंजरा’ मध्ये वर्गाची जागा गाव घेतो. गुरुजी अख्ख्या गावाला वळण लावणारे आहेत, एखाद्या ‘ड’ तुकडीची त्यांना गरजच नाही. पुढे ते तमाशाच्या फडात घसरतात, गाव त्यांना मेलेलं समजतो, त्यांचा पुतळा उभा करतो, आणि शेवटी गुरुजींना स्वतःच्याच खुनाबद्दल शिक्षा होते. ती ते मुकाट स्वीकारतात, कारण पुतळा वाचला पाहिजे. लागूंचं काम आजही अंगावर येतं. पण या सिनेमाचं म्हणणं उघड आहे : आदर्श शिक्षक हवा असेल तर जिवंत माणसाला मरावं लागेल.

पुतळ्याला गणिताची शंका विचारता येत नाही. देशमुख सर पुतळा नाहीत, हे ‘दहावी फ’ चं पहिलं मोठं काम. अतुल कुलकर्णी तेव्हा ‘हे राम’ आणि ‘चांदनी बार’ मुळे सगळ्या देशाला माहीत झालेले होते. दोन्ही सिनेमांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि दोन्हींत त्यांनी धग असलेली, धोकादायक माणसं केली. तो नट इथं इस्त्री मोडलेल्या शर्टातला साधा मास्तर होतो. तो भाषण देतानाही मला नेता वाटत नाही, रात्रभर झोप न झालेला माणूस वाटतो. (पुढे हाच नट खऱ्या आयुष्यात मुलांच्या शिक्षणावर काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ या संस्थेचा अध्यक्ष झाला. ही संस्था पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात, सोनाळे नावाच्या गावी आहे. आमच्या सोनाळ्याच्या पोट्ट्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांना सिनेमापेक्षा याचंच जास्त अप्रूप वाटलं.)

दुसरं काम त्याहून मोठं. सिनेमानं माफीच्या जागी भरपाई ठेवली. या दोन गोष्टी सारख्या वाटतात, पण आहेत वेगळ्या. माफी मागताना मान खाली जाते आणि समोरचा जिथे होता तिथेच राहतो. भरून देताना हात चालवावे लागतात. काय तुटलं, ते कशाचं होतं, किती रुपयांचं होतं, कुठे मिळतं, हे सगळं शोधावं लागतं. ज्या खोलीत तुम्हाला कुणी हात लावू दिला नाही तिथली एकेक वस्तू नावानिशी माहीत होते. मला तर वाटतं, ‘फ’ च्या मुलांची प्रयोगशाळेशी खरी ओळख ती फोडल्यानंतर झाली असणार.

आमच्या विदर्भाला ही कल्पना नवी नाही. १९३७ साली वर्ध्यात गांधींनी शिक्षण परिषद भरवली आणि नयी तालीम मांडली. हातानं उपयोगाचं काम करत करत शिकायचं, कामातूनच गणित आणि विज्ञान यायचं. नंतर आपण ते ‘कार्यानुभव’ नावाच्या तासात कोंबलं आणि त्या तासाला मुलांना ग्राउंडवर सोडून दिलं. ‘दहावी फ’ मध्ये गांधींचं नाव घ्यायची गरज पडत नाही. पैसे कमवायचे म्हटल्यावर भाव करणं आलं, हिशोब आला, दिलेला शब्द आणि वेळ पाळणं आलं. मार्कांच्या मापात जी पोरं शून्य होती ती इथं अचानक कामाची ठरतात. त्यांना कामाची सवय ‘अ’ वाल्यांपेक्षा आधीपासून आहे. शाळेनं त्याचा मार्क कधी धरला नाही, एवढंच.

काही वर्षांपूर्वी बोर्डानं दहावीच्या गुणपत्रिकेवरून ‘अनुत्तीर्ण’ हा शब्द काढला आणि त्याऐवजी ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा आणला. हेतू चांगला असेल. पण आमच्याकडे पोरं आता एकमेकांना चिडवताना ‘ए कौशल्य’ म्हणतात. शब्द बदलून खड्डा भरत नसतो. कौशल्य ही नापासांची गोष्ट आणि बुद्धी ही पासांची, ही वाटणी त्या शेऱ्यानं उलट पक्की केली.

सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या, पुण्यात समाजकार्य शिकवायच्या. १९८५ सालचा त्यांचा पहिला लघुपट ‘बाई’ झोपडपट्टीतल्या एका बाईच्या जगण्यावर होता आणि तो तशा वस्तीत जाऊन केलेल्या कामातूनच आला होता. सुनील सुकथनकर त्यांना तिथपासूनचे सोबती. ही पार्श्वभूमी ‘दहावी फ’ मध्ये जागोजागी दिसते. कॅमेरा पोरांच्या घरी जातो तेव्हा गरिबी बघायला आल्यासारखा उभा राहत नाही. इथं कोण कमावतं, कोण पितं, पोरगं अभ्यासाला बसणार कुठे, हे तो बघतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये सुमित्राताई गेल्या तेव्हा ‘कासव’, ‘अस्तु’, ‘देवराई’ यांच्यावर भरपूर लिहून आलं आणि ते योग्यच होतं. ‘दहावी फ’ चा उल्लेख मात्र बहुतेक ठिकाणी ओझरता. मला ते खटकलं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात दाखवायचा ‘चांगला संदेश देणारा’ सिनेमा असं त्याचं काहीतरी झालंय, आणि एकदा सिनेमा चांगला संदेश देऊ लागला की त्याला सिनेमा म्हणून कुणी बघत नाही.

अर्थात यात थोडा दोष सिनेमाचाही आहे. आज बघताना काही जागी तो समजावून सांगतो. जे दृश्यातून कळलं ते पुन्हा संवादातून येतं. ‘अ’ ची मुलं आणि त्यांची घरं जरा ठरावीक रंगात रंगवल्यासारखी वाटतात. ‘अ’ मध्ये असण्याचंही एक ओझं असतं, रात्री दोनपर्यंत जागणारी आणि ९४ टक्क्यांना रडणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे सिनेमाचं लक्ष कमी आहे.

पण माझी खरी तक्रार आमच्या ओसरीतल्या पोरानं केली तीच. सिनेमा बघून उठताना मनात राहतात ती बदललेली पोरं आणि थकलेले सर. तुकड्या पाडणारा हात मात्र मनात राहत नाही. देशमुख सर पोरांना सांगतात, तुम्ही तोडलं, तुम्ही उभं करा. न्याय्य आहे. पण दहा वर्षं त्याच शाळेनं या पोरांमधलं जे काही तोडलं त्याची यादी कुणी करायची? त्याचं बिल कुणाच्या नावानं फाडायचं? एक भला माणूस त्याच्या परीनं ते स्वतःच्या खिशातून आणि झोपेतून भरतो, आणि आपण त्यालाच टाळ्या वाजवतो. टाळ्या वाजवल्या की बाकीच्या सगळ्यांची सुटका होते. भला माणूस नसलेल्या शाळेत काय करायचं, हे सिनेमाला सांगता येत नाही. त्यानं सांगावं अशी अपेक्षा करणं बरोबर आहे का, तेही मला नक्की ठरवता येत नाही.

जिथं भला माणूस यंत्राचा नट-बोल्ट होऊन जातो त्या शाळेची गोष्ट वाचायची असेल तर आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या रमेश इंगळे उत्रादकरांकडे जा. ‘निशाणी डावा अंगठा’ मध्ये साक्षरता मोहिमेचे कागद रंगवणारे मास्तर आहेत, ‘सर्व प्रश्न अनिवार्य’ मध्ये दहावीची परीक्षा आणि तिच्याभोवतीचा सगळा कारभार. तिथं खलनायक नाही आणि देशमुख सरही नाहीत. सगळे जण आपापली सही करतात, आणि मधल्या मध्ये शिकवणं नाहीसं होतं. पहिल्या कादंबरीवर २००९ मध्ये सिनेमाही आला. या कादंबऱ्या आणि ‘दहावी फ’ शेजारी शेजारी ठेवून बघितले की चित्र पुरं होतं. सिनेमात राग आहे आणि वाट आहे. कादंबऱ्यांत वाट नाही, पण फ्लेक्सच्या मागे काय असतं ते दिसतं.

मला प्रश्न विचारणाऱ्या त्या पोराचं थोडं सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याचं त्याचं घर, वर अंबाबरवाचं जंगल. घरची थोडी कोरडवाहू. गणित त्याला येतं, लिहिता येत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत किलोच्या भावानं किती झाले हे तो मुकादमाच्या आधी सांगतो, आणि वहीत मात्र भागाकाराची मांडणी चुकते. नववीपर्यंत कुणी त्याची वही आणि त्याचं तोंड एका वेळी तपासलं नाही. त्याच्या वडिलांना शाळेत बोलावून सतरा नंबरचं सांगितलं तेव्हा ते हात जोडून म्हणाले होते, ‘‘तुमी म्हन्सान तसं, सर.’’ पोरगं शेजारी उभं होतं.

तो मला विचारतो तेव्हा सिनेमाचं परीक्षण करत नसतो. तो त्याचा हिशोब मांडत असतो, आणि त्यात मीही आहे. मी ‘ड’ मधून निघून पुण्याला गेलो, शिकलो, परत आलो, ओसरीत बसून सर झालो. माझ्यातलं जे तुटलं होतं ते मी पोरांना शिकवून भरून घेतोय की काय, अशी शंका मला अधूनमधून येते. देशमुख सरांना अशी शंका आली असेल का? अतुल कुलकर्णींच्या चेहऱ्यावर एकदोन ठिकाणी मला ती दिसते. नट मोठा आहे, की मलाच ती हवी आहे म्हणून दिसते, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी त्याला मी म्हटलं, तुझ्या प्रश्नावर रात्रभर विचार केला. त्यानं ‘बरं’ म्हटलं. मग मी विचारलं, तू त्या वर्गात असता तर कमवायला गेला असता का? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘गेलो असतो. पन भरून देल्यावर चाबी मागतली असती.’’

‘‘कशाची?’’

‘‘लॅबची.’’

पोरगी मध्येच म्हणाली, की सर, तो तोडफोडीचा भाग पुन्हा लावा, काल हे पोट्टे पुढेच बसले होते, मला काही दिसलंच नाही. मी मोबाइल काढला. डब्याला टेकवला. सिनेमा सुरू केला आणि लाइन गेली, त्याबरोबर वायफायही गेलं. आम्ही मेणबत्ती लावून त्रिकोणमितीकडे वळलो.